म्हात्रेमामांचा हाफ

माझ्या डाव्या पायाच्या पोटरीत म्हात्रेमामा राहतात. खोटं नाही सांगत. गेल्या महिन्यात नातीने नवी गाडी घेतली आणि मला पुढे बसवून रोह्याहून पेणला निघाली. "आजी, हिला क्लचच नाहीये," असं ती म्हणाली, जशी एखादी म्हणेल की आमच्या मांजराला शेपूट नाहीये. भिसे खिंडीच्या चढावर पुढचा टेम्पो थांबला, आम्ही थांबलो, आणि माझ्या पोटरीला आधी मुंग्या आल्या, मग ती सुटून थरथरायलाच लागली. नात घाबरली. "आजी, शुगर कधी तपासलीस?" म्हणाली. शुगर कसली! म्हात्रेमामा जागे झाले होते.

मी त्यांच्याकडे गाडी शिकायला गेले तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची अजाण पोर होते. रोह्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते, आणि इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला मान ताठ राहण्याची जी एक व्याधी होते ती मला पुरती जडली होती. गाडी शिकायची हौस मला नव्हती. मी एसटीतसुद्धा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत नसे, समोरचा रस्ता दिसतो म्हणून. पण त्या वर्षी माघात आमच्या ह्यांना छातीत दुखलं. वेळेवर पेणला पोचलो म्हणून निभावलं. तिथल्या डॉक्टरांनी निघताना दोन गोष्टी सांगितल्या. ह्यांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आणि पुन्हा दुखलं तर इकडेतिकडे न फिरता पहिल्या दोन तासांत थेट पेण गाठायचं.

मुलगी लग्न होऊन नाशिकला. घरात आम्ही दोघं आणि अंगणात ताडपत्रीखाली गाडी. रात्रंदिवस मला ते दोन तासच दिसायचे. ह्यांना ठसका लागला तरी मी ताट टाकून उभी राहायचे. ह्यांना ते बघून हसू यायचं. "तू गाडी शिकणार? मग मी दुसऱ्या ॲटॅकची वाटच बघत नाही, त्याआधीच जातो." असले विनोद करणाऱ्या माणसाला वाचवायचं तरी कशाला, असं कधी कधी वाटायचं. पण तीस वर्षांची सवय.

म्हात्रेमामा आमच्या आळीपासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. मूळचे पेणजवळच्या खाडीकाठच्या गावचे, घरची मिठागरं. एकतीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर, निवृत्त झाल्यावर एक जुनी पांढरी गाडी घेऊन शिकवण्या करत. बुटके, छातीने रुंद, आणि चालताना डावा पाय जरा जपून टाकणारे. पहिल्या दिवशी मी गाडीत बसले तर समोर डॅशबोर्डवर सायकलची घंटी.

"ही कशाला?"

"बेल नको? मी बेलबिगर गाडी कदी हलवली नाय. एक वाजली का थांबायचं, दोन वाजल्या का निघायचं. मदी बोलायचं नाय."

शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात. मामांच्या बाजूला एकच होता. मी विचारलं तर म्हणाले, "क्लच काडून टाकला. ब्रेक दोगांचा, क्लच तुमचा एकटीचा. दुसऱ्याच्या क्लचवर कोन शिकतो काय?" मग माझ्या पायांकडे बघितलं. मी नवे, टाचेचे सँडल घालून आले होते. वर्गात जाताना घालायचे. "काडा ते."

"अनवाणी?"

"मंग? पायाला कळलं पायजे. सँडलला कळून काय उपेग?"

पहिले तीन दिवस गाडी सुरूच केली नाही. मी अनवाणी, इंजिन बंद, डावा पाय दाबायचा आणि केसाकेसाने वर आणायचा. गल्लीतली माझ्याच वर्गातली मुलं कठड्यावर बसून बघायची. मामा बाहेर तोंड करून बसलेले असत, पण पाय झटक्यात सुटला की न बघता म्हणत, "मेली."

"कोण?"

"गाडी. परत."

म्हात्रेमामांना इंग्रजी येत नव्हतं असं मी तेव्हा समजत होते. त्यांच्याकडे इंग्रजीतला एकच शब्द होता, तो म्हणजे हाफ. बाकीचे सगळे शब्द त्याच्या मागे-पुढे चालत. हाफ तिकीट, हाफ डे, हाफ रजा, हाफ बाहीचा शर्ट. कोलाडच्या हॉटेलात हाफ राईस, डेपोच्या कँटीनमध्ये हाफ चहा. एक जण "हाफ मेंटल" होता, तो त्यांचा जावई. पण गंमत अशी की हा हाफ ते कुठेही टाकत नसत. त्यांचा कायदा फार कडक होता. कुणाबरोबर हाफ बसतो आणि कुणाबरोबर बसत नाही, हे त्यांना कुणी विचारायची खोटी.

"हाफ क्लच असतो. हाफ ब्रेक नसतो. हाफ ब्रेक मारला का फुल हार, फोटोला. हाफ आरसा बगायचा नाय, बगायचा तर पुरा. हाफ हॉर्न नाय. हाफ झोप नाय, झोप आली का बाजूला गाडी लाव नि पुरी काड. काय?"

मी त्या वेळच्या माझ्यासारखंच वागले. म्हटलं, "मामा, इंग्रजीत हाफ ब्रेक असा शब्दच नाहीये मुळी."

"मी तेच बोलतोय ना मघापासून," मामा म्हणाले.

त्या दिवसांत मी वर्गासाठी तक्ते करत असे. कार्डशीटच्या मधोमध एक साधा शब्द लिहायचा, आणि भोवती त्याचे सोबती. मुलांनी शब्द एकटा पाठ करायचा नाही, सोबत्यासकट करायचा, ही माझी पद्धत. त्या पद्धतीचा मला एवढा अभिमान की गल्लीतून जाताना तक्ता लिहिलेली बाजू बाहेर करून धरायचे. मामांना खिजवायला म्हणा किंवा कशाला, त्या आठवड्यात मी हाफचा तक्ता केला. मामा फीच्या पावतीवर सही घ्यायला घरी आले तेव्हा तो ओसरीत वाळत होता. हे आरामखुर्चीत होते. त्यांनी प्रत्येक सोबती मोठ्याने वाचून मामांना अर्थ सांगितला. घड्याळात साडे म्हणायला लागतो तो हाफ. सुट्टीतला हाफ. "आणि हे हाफ-हार्टेड. म्हणजे अर्ध्या मनाने केलेलं."

"तसला मानूस गाडीत नको," मामा म्हणाले. मग तक्त्याभोवती एक फेरी मारून आले. "बाई, यात क्लच नाय."

"तो पाठ्यपुस्तकात नाही, मामा. मुलांना परीक्षेला येत नाही."

"परीक्षेला येत नाय," मामांनी स्वतःशी म्हणून बघितलं आणि चहा न घेता गेले. हे खुर्चीत पोट धरून हसत होते. छाती न धरता पोट धरून, म्हणून मी काही बोलले नाही.

सपाटीवर मी बरी चालवायला लागले. चढ आला की संपलं. चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवायची म्हणजे ब्रेकवरचा पाय काढायचा, आणि ब्रेकवरचा पाय काढला की गाडी मागे जाणार, हे माझ्या पोटाला पक्कं माहीत होतं. मग मी क्लच झटक्यात सोडायचे. मेली. परत. मेली. एकदा अकरा वेळा मेली. रविवारी सकाळी दारात येऊन म्हणाले, "चला. गावाला जायचंय. जुनी साडी नेसा."

त्यांच्या गावी मी एकदाच गेले. बांधावरून चालत गेलो. दोन्ही बाजूंना मिठागरांचे चौकोन, कुठे पाणी, कुठे पांढरी साय. खाडीच्या तोंडाशी बांधात एक लाकडी झडप होती, तिला ते लोक उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी तिच्यातून आत घेतात. मामांचा भाऊ तिथे गुडघाभर चिखलात उभा होता. मला बघून त्याने मामांना विचारलं, "ही कोन?"

"बाई हायत. इंग्लिशच्या."

"मंग इकडं काय?"

"क्लच शिकायला आल्यात."

भावाने यावर काहीही आश्चर्य दाखवलं नाही. मामांनी मला चिखलात उतरवलं आणि झडपेची फळी हातात दिली. "वर उचला. पन एकदम उचलाल तर ह्याची सगळी मिठाची वाफी बुडतील. म्हैन्याची मेहनत हाय."

भाऊ म्हणाला, "दादा, माझ्या वाफ्यांवर शिकवतोस?"

"गप ऱ्हा."

पलीकडून खाडी फळीला धडका देत होती. मी फळी जराशी वर घेतली तर सगळी खाडीच हातात आल्यासारखं वाटलं. मी फळी आवळून धरली. "घट पकडू नका. सोडू पन नका," मामा मागून म्हणाले. "ऐका." मग ऐकू आलं. फळीच्या खालून पाणी आधी फसफसलं, मग एका जागी आवाज जाड झाला, आणि एक बोटभर धार शांतपणे वाफ्याकडे निघाली. ना खाडी थांबली होती, ना आत घुसली होती. माझ्या हाताखाली ती नुसती उभी होती.

"हा," मामा म्हणाले. "हा हाफ. आमच्या बापाने शिकवला. गाडी मागनं आली."

परतताना साडीला गुडघ्यापर्यंत चिखल आणि डोक्यात तक्ता.

त्यानंतर मला चढ जमायला लागला, पण भिसे खिंडीत मामा मला थांबू देत नसत. तिथे आलं की त्यांची बोलती बंद. दोन्ही पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर, एक हात हँडब्रेकवर. एकदा माझं लक्ष गेलं तर तो हात कापत होता. इतका वेळ मी समजत होते की भ्यायचं काम गाडीत माझ्याकडे आहे. खिंड उतरल्यावर त्यांनी एक बेल दिली. मी गाडी बाजूला घेतली.

"इथं एकदा माझी गाडी मागं गेली व्हती," मामा काचेकडे बघत म्हणाले. "अठ्ठावन्न शीटा नि उभे येगळे. चढाला थांबलो, पुढं बैलगाडी. क्लचपलेट गेलेली, पाय धरीना. बस मागं मागं. खाली दरी. आमचे कंडक्टर मास्तर खाली उडी मारून चाकामागं लाकडाचा ठोकळा घेऊन गेले. ठोकळ्याबरोबर त्यांचा पायबी गेला चाकाखाली. दोन बोटं गेली."

"मग?"

"मग काय. दोरी वर ऱ्हायली, बेल मारनार कशी? मास्तरांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या. धड धड. तसल्या पायाने. मना वाटलं, हे डबल देतात म्हंजे जायलाच पायजे. गेलो." काच खाली घेऊन म्हणाले, "त्यानंतर अकरा वरसं ह्याच लायनीवर होतो. न भ्यालेला एक दिवस नाय."

मला वाटलं, आता मला त्यांचा कायदा कळलाय. शहाणपणाने म्हटलं, "म्हणजे भीती हाफवर ठेवायची."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फळा उलटा टांगला होता. "भीतीला हाफ लागत नाय, बाई. ती फुलच असते. असू दे फुल. पाय हाफवर ठेवायचा."

लायसन मिळालं. ह्यांनी पेढे वाटले आणि प्रत्येक पेढ्याबरोबर लोकांना सावध राहायला सांगितलं. मी गाडी बाजारापर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. भिसे खिंडीत एकटी कधी गेले नाही. त्या रस्त्याला वळणारा फाटा आला तरी मान दुसरीकडे करायचे.

आणि मग तो मंगळवार. सकाळचे अकरा. मला शाळेला सुट्टी होती, मी कोथिंबीर निवडत होते. हे ओसरीतून म्हणाले, "अगं, जरा इकडे ये." ह्यांनी मला आयुष्यात कधी "जरा" म्हटलं नव्हतं. मी गेले तर खुर्चीत घामाने भिजलेले, तोंडाचा रंग गेलेला. गल्लीतल्या डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली आणि म्हणाले, "पेण." ॲम्ब्युलन्स कोलाडला अपघातावर गेली होती. आळीतले गाडी येणारे सगळे पुरुष फर्स्ट शिफ्टला कंपनीत. मी घड्याळ बघितलं. दोन तास सुरू झाले होते.

मी अनवाणीच मामांकडे पळाले. मामा दारात बसलेले, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. चार दिवसांपूर्वी मोतीबिंदू काढला होता, ते मी विसरलेच होते.

"मामा, ह्यांना पेणला... तुम्ही चालवा."

ते उठले. रस्त्याकडे तोंड करून जरा वेळ उभे राहिले. "नजर हाफ हाय," म्हणाले. "नजरेला हाफ चालत नाय. गाडी तुमी चालवा. मी बसतो." आणि आत जाऊन पांढऱ्या गाडीवरची घंटी उपटून मुठीत घेऊन आले.

डॉक्टरांनी आणि शेजारणीने ह्यांना मागे आडवं केलं. मामा माझ्या बाजूला बसले. माझ्या गाडीत त्यांच्या बाजूला ब्रेकही नव्हता. त्यांचे पाय रिकाम्या पत्र्यावर ब्रेक शोधत होते, ते मला दिसत होतं. त्यांनी दोन बेल दिल्या.

निडी गावाच्या बाजूने खिंडीपर्यंत कशी गेले ते मला आठवत नाही. मधल्या चढावर पोचलो तर पुढे रांग. वर कुठे तरी ट्रक आडवा झाला होता, एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडत होते. रांग दोन हात सरकायची, थांबायची. माझ्यामागे कंपनीचा एक टँकर येऊन टेकला, इतका जवळ की आरशात त्याचं नुसतं थोबाड. पहिल्यांदा गाडी उचलली. दुसऱ्यांदा उचलली. तिसऱ्यांदा पोटरी सुटली आणि मेली. मेली ती मेली, हातभर मागेही आली. टँकरने असा हॉर्न दिला की माझ्या तोंडातून आवाज निघाला. मागून हे काही म्हणतील म्हणून मी वाट बघितली. इतके महिने माझ्या प्रत्येक चुकीवर काही ना काही म्हणणारा माणूस काही म्हणाला नाही. तेवढं मला कधी काही ऐकू आलं नव्हतं.

एक बेल वाजली. "हँडब्रेक वड," मामा म्हणाले. मी ओढला. ते दार उघडून खाली उतरले.

"मामा, कुठे चाललात?"

आरशात दिसलं, रस्त्याच्या कडेचा एक धोंडा उचलून ते मागच्या चाकाशी वाकले, मग सरळ झाले. टँकरचं थोबाड आणि माझी गाडी यांच्यामधल्या जागेत, काळा चष्मा लावून, उभे.

मी काचेतून ओरडले, "मामा, बाजूला व्हा! मागे येईल ती!"

"माझ्यावर कशी आनतेस बगतो!" ते ओरडले. "बाजूला झालो तर तू ब्रेकवर पाय ठेवून संध्याकाळपत्तर बसशील! चालू कर गो!"

गो. इतके दिवस त्यांच्या तोंडी मी 'बाई' होते, 'तुमी' होते. मी चावी फिरवली. इंजिन लागलं. भीती इतकी होती की तिला कडा नव्हत्या. पाय माझा आहे असंही वाटत नव्हतं. ह्यांचा श्वास मागून मोजून मोजून येत होता.

गाडीच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या. धड, धड.

मी टाच वर आणायला लागले. घट्ट नाही, सोडून नाही. मधेच आवाज जाड झाला. बॉनेट नाकाने जरासं वर आलं, जशी फळीखालून खाडी आली होती. पोटरी थरथरत होती, थरथरू दिली. हँडब्रेक खाली घातला. गाडी कुठल्याही ब्रेकशिवाय त्या चढावर, आम्हा दोघांसकट, जागच्या जागी उभी राहिली. ना मागे, ना पुढे. मग हळूच पुढे.

त्याच क्षणी रांग सुटली. मी थांबायला गेले तर रस्त्यावरून मामांची हाक आली, "थांबू नको! जा! जा तू!" मी गेले. आरशात काळा चष्मा लहान होत गेला आणि वळणाआड गेला.

नागोठणं, वडखळचा नाका, पेण. वडखळला नेहमीसारखी कोंडी, त्या कोंडीत मी आयुष्यातले सगळे हॉर्न वाजवले, सगळे फुल. डॉक्टरांच्या दारात गाडी तिरकी लावली तेव्हा दोन तासांतली चौदा मिनिटं उरली होती. ह्यांना आत नेलं. मी बाहेर बाकावर बसले, अनवाणी, मांडीवर कोथिंबिरीची एक काडी.

तीन वाजता डॉक्टर म्हणाले की आता भीती नाही. डॉक्टरांच्या भीतीचं मला माहीत नाही, माझी तशीच होती. तेवढ्यात जिन्यावर डावा पाय जपून टाकल्याचा आवाज आला.

"माजी बेल ऱ्हायली तुमच्या गाडीत," मामा म्हणाले.

एसटीने आले होते. कंडक्टरने तोंडाकडे बघून न विचारता ज्येष्ठांचं हाफ तिकीट दिलं, म्हणून जरा रागात होते. पासष्ट पुरे होऊन दोन महिने झाले होते, पण आपल्या लायनीवर हाफ मागायचा म्हणजे काय! ह्यांचं ठीक आहे म्हटल्यावर ते शेजारी बसले. मी म्हटलं, "मामा, तो धोंडा होता म्हणून तरी धीर आला."

"धोंडा कुटं बसला चाकाखाली? ठेवल्या ठेवल्या घरंगळत गेला टँकरखाली."

मी बाकावरून उठलेच. "मग तुम्ही तिथे नुसतेच उभे होतात? बाजूला का नाही झालात?"

मामांनी चष्मा काढला, लाल डोळा पुसला, पुन्हा लावला. "पाय हलतच नव्हते गो," ते म्हणाले. "लय भ्यालो व्हतो."

ते खरं होतं की मला लागू नये म्हणून सांगितलं होतं, हे मी त्यांना पुढे कितीदा विचारलं. दर वेळी ते म्हणत, "परीक्षेला येत नाय."

हे त्यानंतर नऊ वर्षं जगले आणि नऊ वर्षं मला ड्रायव्हिंग शिकवत होते. हाफचा तक्ता मी पुन्हा भिंतीवर लावला तेव्हा एका कोपऱ्यात ठळक अक्षरात क्लच लिहिला. एका मुलीने विचारलं, बाई हा कुठल्या धड्यातला. म्हटलं, भिसे खिंडीतला.

मामांना शेवटचं बघितलं ते रोह्याच्या स्टँडवर. शिकवण्या बंद केल्या होत्या, पांढरी गाडी विकली होती, कायमचे गावी भावाकडे चालले होते. मी म्हटलं होतं मी गाडीने सोडते, तर म्हणाले, "नको. तुमच्या गाडीत भीती वाटते." म्हणून मी त्यांना सोडायला स्टँडवर आले होते. ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर खिडकीशी बसले, मांडीवर पिशवी, पिशवीत घंटी. कंडक्टर आला. "बाबा, हाफ ना?"

"हाफ," मामा म्हणाले. आता कुरबुर नव्हती.

ड्रायव्हर कोवळा होता, नवीन असावा. फलाटावरून रस्त्यावर जायला तिथे थोडासा चढ आहे, आणि पुढे एक रिक्षा आडवी आली होती, म्हणून बस चढावरच थांबली. मी खालून हात हलवला. "मामा!" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते सीटवरून पुढे झुकून, समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून, त्या पोराच्या डाव्या पायाकडे बघत होते. ओठ गच्च मिटलेले. रंग उतरलेला. भिसे खिंडीत असायचा तसाच चेहरा.

रिक्षा हलली. वर दोन बेल वाजल्या.

मी फलाटावर उभी होते. हात तसाच वर राहिला होता, आणि चपलेतून माझी डावी टाच केसाकेसाने वर येत होती.